प्रार्थनेचे अनपेक्षित उत्तर : छत्तीसगडच्या वाटेवरील तीन ख्रिस्ती साक्षी

ख्रिस्ती भक्तिपर व आत्मचरित्रात्मक लेखन वाचू लागलेल्या मराठी वाचकाला ‘प्रार्थनेचे उत्तर’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. यातील दोन्ही शब्द ओळखीचे आहेत. त्यांची जोडणी मात्र आपल्या धर्मभाषेत फारशी रुळलेली नाही. आपला देव पावतो, प्रसन्न होतो, कौल देतो, क्वचित स्वप्नात येऊन दृष्टान्त देतो. तो ‘उत्तर’ देतो असे आपण सहसा म्हणत नाही. हा भेद केवळ भाषांतराच्या सवयीतून आलेला नाही. नवसात मागणीचे माप आधीच ठरलेले असते आणि फेडीचेही. मूल झाले की पाळणा वाहायचा. कौलात उजवे किंवा डावे एवढाच निर्णय असतो. ‘उत्तर’ या शब्दाने मात्र संवाद गृहीत धरला जातो, आणि संवादात समोरचा आपल्याला हवे तेच बोलेल असे नसते. तो नकार देऊ शकतो, थांबवू शकतो, विचारलेला प्रश्नच बाजूला सारून दुसऱ्या प्रश्नाकडे वळवू शकतो.

ख्रिस्ती विचारात अनपेक्षित उत्तराला जे स्थान आहे ते या शक्यतेमुळे. मागितलेली वस्तू मिळाली म्हणजे उत्तर मिळाले, ही समजूत बायबलमध्ये अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. मागणाऱ्यास मिळते, ठोठावणाऱ्यास दार उघडले जाते, या आशयाचे आश्वासन मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात, स्पष्टपणे दिलेले आहे. परंतु ज्याने ते आश्वासन दिले त्यानेच गेथशेमाने बागेत, अटकेपूर्वीच्या रात्री, दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली आणि तो टळला नाही. पौलानेही आपल्या शरीरातील ‘काटा’ निघावा म्हणून तीन वेळा विनंती केल्याचे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात सांगितले आहे. काटा निघाला नाही. तो सोसण्यास कृपा पुरेशी आहे, असे त्याला कळविण्यात आले. आश्वासन आणि नकार एकाच ग्रंथात शेजारी उभे आहेत. प्रार्थनेविषयीचे पुढचे सारे ख्रिस्ती चिंतन या दोहोंची सांगड घालण्याच्या प्रयत्नातून वाढले आहे.

या प्रयत्नाचे सर्वांत मार्मिक उदाहरण संत ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनात सापडते. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून त्याची आई मोनिका कार्थेजच्या बंदरानजीक सिप्रियनच्या स्मारकमंदिरात रात्रभर रडत प्रार्थना करीत होती. मुलगा तिला चकवून त्याच रात्री गलबतात बसून निघून गेला. इटलीत मिलान येथे त्याची अँब्रोज या बिशपशी गाठ पडली आणि सन ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. मुलगा ख्रिस्ती व्हावा हीच तर त्या आईची आयुष्यभराची मागणी होती. तिने त्या रात्री जे मागितले ते नाकारून देवाने तिने सदैव जे मागितले होते ते दिले, असा अर्थ ऑगस्टिनने अनेक वर्षांनंतर लावला. ‘अनेक वर्षांनंतर’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. घटना घडत असताना कार्थेजच्या किनाऱ्यावर होती ती केवळ एक फसवली गेलेली आई. उत्तर ही घटनेत आयती दिसणारी वस्तू नव्हे. मागे वळून पाहणाऱ्याने लावलेला तो अर्थ असतो आणि ख्रिस्ती परिभाषेत त्या अर्थकथनालाच ‘साक्ष’ म्हणतात.

अशा तीन साक्षींचा विचार येथे करावयाचा आहे. तिन्हींचा संबंध रायपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशाशी येतो आणि तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी माणसांची ये-जा राहिली असली तरी मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपले लक्ष अहमदनगर, पुणे, मुंबई याच पट्ट्यात अडकून राहते. वस्तुतः या साहित्यातील एक निर्णायक क्षण नागपूरहून पूर्वेकडे धावणाऱ्या गाडीत घडला.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे तेव्हा ख्रिस्ती नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन घराण्यात जन्मलेला, नाशकात संस्कृत शिकलेला, कविता करणारा, एका जागी न टिकणारा असा हा तरुण नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास काही काळ होता. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. देशाच्या अवनतीचे मूळ धर्मात आहे आणि उद्धाराचा मार्गही धर्मातूनच निघेल, असे त्यांच्या मनाने घेतले होते. जातिभेद मोडणारा, मूर्तिपूजा न मानणारा, सर्वांना एका पित्याची लेकरे समजणारा एखादा नवा धर्म आपणच स्थापन करावा, येथवर त्यांचा विचार गेला होता. त्यांच्या अंतःकरणातील मागणी शब्दांत मांडायची तर ती एवढीच होती : या देशाला पुरेल असा धर्म मला सापडो. तो कोठून यावा, याविषयीही त्यांची अपेक्षा ठरलेली होती. तो आपल्याच मातीतून आणि बहुधा आपल्याच बुद्धीतून यावयाचा होता.

सन १८९३ च्या सुमारास त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. राजनांदगाव रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तेथील राजे वैष्णव बैरागी महंत होते. तेव्हाचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून रायपूर शहराला १८९२ मध्ये नळाचे पाणी मिळाले. म्हणजे टिळक निघाले होते ते एका वैष्णव दरबाराच्या सेवेसाठी. ख्रिस्ताच्या शोधार्थ खासच नव्हे. गाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ आधीच बसलेले होते. त्या काळातील अनुभव लक्षात घेता टिळकांनी अपमानाचीच अपेक्षा केली असल्यास नवल नाही. त्या गृहस्थाने सौजन्याने जागा दिली, संस्कृत काव्यावर गोष्टी काढल्या आणि नंतर त्यांच्या धर्मविषयक विचारांची चौकशी केली. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली, देवाकडे मार्गदर्शन मागण्यास सांगितले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते त्या वेळी विचित्र वाटले. तरी पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. टिळक खुणा करीत वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. तेथून त्यांना पुढे जाववेना. हिंदू तत्त्वज्ञानातील ज्या गहन प्रश्नांनी त्यांना छळले होते त्यांची उत्तरे त्या तीन अध्यायांत आपल्याला मिळाली, असे त्यांचे सांगणे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भाकीत खरे ठरले हा या कथेतला चमत्कार मानला जातो आणि भाविक वाचक तेथेच रमतो. प्रस्तुत लेखकाला त्याहून मोलाची वाटते ती मागणी व उत्तर यांमधील विसंगती. टिळकांना स्थापन करावयाचा धर्म हवा होता; मिळाला तो स्वीकारावयाचा धर्म. त्यांना देशाला एकत्र बांधणारे सूत्र हवे होते. मिळाले ते त्यांना स्वतःच्या घरातून, जातीतून आणि मित्रमंडळातून तोडून टाकणारे. तो धर्म परक्यांच्या हातून, राज्यकर्त्यांच्या वर्णाच्या माणसाकडून आला. राष्ट्राभिमानी माणसाला अवघड वाटावे असेच हे उत्तर होते. ते आपल्या मूळ मागणीशी जुळते हे दाखविण्यात टिळकांचे पुढील सारे आयुष्य खर्ची पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत आणणे, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे आग्रहाने सांगणे, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन आणि अखेरीस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारणे, या साऱ्यांतून परदेशी वेष्टनात आलेले उत्तर स्वदेशी करण्याची त्यांची धडपड दिसते. उत्तर मिळाल्याने प्रार्थना संपली असे येथे झालेले नाही. उत्तराने कामच लावून दिले.

या उत्तराची झळ ज्यांना अधिक बसली त्या लक्ष्मीबाई टिळक होत. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांकडे, काही काळ पंढरपुरासही, राहिल्या. पती परत यावेत एवढीच त्यांची इच्छा होती. पती परत आले नाहीत. त्याच पतीकडे गेल्या. गेल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सोडले नव्हते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्याचा निकाल लागताच सारे बंधन एकाएकी गळून पडले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रसंग जितक्या साधेपणाने आला आहे तितक्या साधेपणाने धर्मांतराची कथा क्वचितच कोणी सांगितली असेल. त्यात प्रवचन नाही, भाकीत नाही, डब्यातला प्रवासी नाही. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते निवर्तले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या स्त्रीचे औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते आणि जिला ख्रिस्ताचे नाव एके काळी संसाराचा वैरी वाटले होते, तिच्या हातून ते काव्य सिद्धीस गेले. टिळकांनी आपले काव्य पुरे व्हावे असे मागितले असेल तर त्या मागणीत हा लेखनिक खचित नसणार.

टिळक राजनांदगावास उतरले त्याच्या पंचवीस वर्षे आधी रायपुरात एक जर्मन गृहस्थ येऊन पोहोचले होते. ऑस्कर लोर हे त्यांचे नाव. ते पूर्वी गॉस्नर मिशनच्या वतीने छोटा नागपुरात काम करीत होते. १८५७ च्या उठावात त्यांना तेथून निघावे लागले आणि ते अमेरिकेत गेले. अकरा वर्षांनी, १८६८ मध्ये, जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे प्रतिनिधी म्हणून ते परतले, ते रांचीस नव्हे तर रायपुरास. मूर्तिपूजा न मानणारा, एका सत्यनामाला भजणारा मोठा समाज येथे आहे हे त्यांना कळले, तेव्हा हा देवाचाच संकेत असे त्यांनी मानले. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन केलेला सतनामी पंथ तो हा. लोर सतनामी गुरूंच्या गादीच्या ठिकाणी, भंडार येथे, गेले. तेथे झालेल्या स्वागतामुळे संपूर्ण समाज लवकरच ख्रिस्ती होईल अशी त्यांना आशा वाटली. त्यांनी आजच्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेतली आणि तेथे वसविलेल्या गावाला बिसरामपूर, म्हणजे विश्रामाचे गाव, असे नाव दिले. १८७० मध्ये पहिले तीन बाप्तिस्मे झाले. अपेक्षिलेली लाट मात्र आली नाही. उलट, बाप्तिस्मा म्हणजे पंथापासून वेगळे होणे, हे ध्यानात येताच सतनामी दूर राहू लागले.

सौरभ दुबे यांनी ‘अनटचेबल पास्ट्स’ (१९९८) या ग्रंथात या साऱ्या व्यवहाराचा सूक्ष्म अभ्यास केला आहे. त्यातून दिसते ते असे की ख्रिस्ती मंडळी वाढली ती नात्यागोत्यातून, जमीन व मजुरीच्या संबंधातून आणि पुढे दुष्काळातील आसऱ्यामुळे, हळूहळू. धर्मांतरितांनी आपला जुना विधिव्यवहार सर्वस्वी टाकलाही नाही. म्हणजे लोर यांनी मागितला होता एक समाज. त्यांना मिळाले एक गाव, आणि तेही आपल्या पद्धतीने ख्रिस्ती होणारे. नवलाची गोष्ट अशी की विसाव्या शतकात स्थानिक ख्रिस्ती लेखकांनी याच घटनेची वेगळीच साक्ष लिहून ठेवली. टोपीवाला गोरा माणूस येऊन सत्यनामाचा पूर्ण अर्थ सांगेल, असे घासीदासांनीच सांगून ठेवले होते, अशी ही परंपरा आहे. लोर यांना आपल्या प्रार्थनेचे उत्तर सतनामींमध्ये दिसले होते. या लेखकांनी घासीदासांच्या वाणीचे उत्तर लोर यांच्यात पाहिले. प्रश्नकर्ता आणि उत्तर यांची अदलाबदल झाली. बहुसंख्य सतनामींना अर्थातच यातील काहीच मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने घासीदासांची शिकवण स्वयंपूर्ण आहे, तिला बाहेरच्या पूर्ततेची गरज नाही. आणि अभ्यासकाने या भूमिकेचा तितकाच आदर राखणे आवश्यक आहे. एकाची साक्ष दुसऱ्याला आपल्या इतिहासावरील अतिक्रमण वाटू शकते.

दुष्काळाचा उल्लेख वर ओझरता आला. त्याच्याशी निगडित असलेली तिसरी साक्ष सर्वांत अवघड आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास शारदा सदनातील पंधरा मुलींना नेले होते. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केल्याचे १९०७ मधील आत्मनिवेदनात नमूद आहे. सदनात एवढ्यांना जागा नव्हती आणि एवढ्या मुली येतील अशी चिन्हेही नव्हती. सदनाची कीर्ती तेव्हा ओसरली होती, कारण तेथे मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून पुण्याच्या प्रतिष्ठितांनी पाठिंबा काढून घेतला होता. उच्चवर्णीय विधवांसाठी निघालेल्या संस्थेत उच्चवर्णीय पालक मुली धाडीनात. आणि त्याच वर्षी मध्यप्रांतात दुष्काळ पडला. छत्तीसगडसह त्या प्रांताचे हाल फार झाले. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, दुष्काळी आश्रयस्थानांतील मुलींची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि त्यांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. पुढील मेळाव्याच्या आत मागितलेली संख्या भरली.

आकडा जुळला, बाकी काहीच जुळले नाही. आल्या त्या ब्राह्मण विधवा नव्हत्या. त्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, नाना जातींच्या मुली होत्या. त्यांतील कित्येकींना मराठीही येत नव्हते. शारदा सदनाच्या मागणीला उत्तर म्हणून केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले, आणि ती सर्वस्वी निराळी संस्था होती. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. रमाबाईंच्या सामाजिक दृष्टीत यामुळे पडलेल्या फरकाची त्यांच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशी दखल घेतली आहे असे वाटत नाही. ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या विषयावर इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या रमाबाई आणि केडगावच्या रमाबाई यांच्यामध्ये तो दुष्काळ उभा आहे.

पण मग दुष्काळ हे प्रार्थनेचे उत्तर म्हणावे काय? प्रश्न कठोर आहे, आणि श्रद्धाळू लेखनात तो बहुधा टाळला जातो. लक्षावधी माणसे अन्नावाचून मरावीत म्हणून एका संस्थेला मुली मिळाल्या, असे म्हणणे देवाविषयीच्या कोणत्याही सुसंस्कृत कल्पनेला न पेलणारे आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात यावर दोन प्रकारची भूमिका आढळते. एक म्हणजे, जे घडते ते सर्व ईश्वरी योजनेतील आहे, आपल्याला तिचा पट दिसत नाही. दुसरी म्हणजे, अरिष्ट हे ईश्वराने धाडलेले नसते, परंतु अरिष्टातही तो माणसाला हाक मारतो आणि ती हाक ऐकणे हेच उत्तर. रमाबाईंची भाषा अनेकदा पहिल्या भूमिकेकडे झुकते. त्यांची कृती मात्र दुसरीची साक्ष देते असे आमचे मत आहे. कारण दुष्काळ सर्वांनाच दिसत होता. रमाबाई स्वतः १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील गमावून, उपाशीपोटी पायी हिंडलेल्या होत्या. मध्यप्रांताच्या आश्रयस्थानांत त्यांना जे दिसले ते त्यांनी स्वतः भोगलेले होते. दोनशे पंचवीस हा आकडा त्यांच्या मनात नसता तरी त्या गेल्या असत्या काय, हा प्रश्न विचारता येईल. आकडा मनात होता म्हणून त्या मुलींसाठी जागा नाही असे त्यांना म्हणता आले नाही, इतके तरी निश्चित. प्रार्थनेने येथे दुष्काळ आणला नाही; दुष्काळापुढे पाठ फिरविण्याची मुभा काढून घेतली.

केडगावच्या छापखान्यात पुढे या मुलींनी खिळे जुळविण्याचे काम शिकून घेतले. रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवलेली होती. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेथशेमाने बागेतील ती न मानली गेलेली विनवणी मराठीत अक्षर-अक्षर जुळविणाऱ्या त्या हातांत दुष्काळातून वाचून आलेले हातही होते.